आम्ही फक्त दोघं राहतो

सत्यनारायण घालायचं मीच सुचवलं. माझी बायको सुवर्णा नुसतं "बघ बाबा" म्हणाली होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं खापर तिच्यावर फोडायची माझी फार इच्छा होती.

कारण होतं घराचं. अमेरिकेत, बेलव्ह्यूत, भाडी इतकी चढली होती की आमची कंपनी आम्हा भारतातून डेप्युटेशनवर आलेल्यांना 'हाय रेंट अलाउन्स' द्यायची. तो नसता तर माझ्या पगारात इथलं फक्त पार्किंग परवडलं असतं (तेही उघड्यावरचं). २००७ च्या हिवाळ्यात कंपनीने नियम बदलला. काही हुशार पोरं एकाच फ्लॅटमध्ये दाटीवाटीने राहून प्रत्येकाचा वेगळा अलाउन्स खात होती. म्हणून आता जो फक्त आपल्या कुटुंबासोबत राहतो, त्यालाच अलाउन्स. बाकीच्यांनी लांब केंटला, कंपनीने घेतलेल्या घरांत जायचं. आणि खात्री करायला एचआरची लिंडा घरोघरी येणार होती, न सांगता.

वास्तविक आम्ही दोघंच राहत होतो. घाबरायचं काही कारणच नव्हतं. पण मला सगळे कागद बरोबर असले तरी एअरपोर्टवर घाम फुटतो. शिवाय प्रश्न सुवर्णाचा होता. इथलं पहिलं वर्ष तिने खिडकीतून पार्किंग लॉट बघत काढलं. व्हिसामुळे तिला नोकरी करता येत नाही आणि ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये ती दर वेळी नापास होते (शिकवतो मी). या घरातून मात्र लायब्ररी पायी जाण्यासारखी होती आणि तिथे ती अलीकडे मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जात होती. परत यायची तेव्हा इतकी खुशीत असायची की भाजी खारट झाली तरी मी मुकाट्याने खायचो. केंटला गेलो असतो तर पुन्हा ती आणि तिची खिडकी. ते मला नको होतं. अगदी मनापासून नको होतं.

म्हणून सत्यनारायण. वार शनिवार, कारण अमेरिकन माणूस शनिवारी ऑफिसचं काम करत नाही असा माझा अभ्यास होता.

गुरुजी म्हणजे नागपूरहून आणलेली कॅसेट. "आता यजमानांनी पळीभर पाणी सोडावे" असं ती म्हणायची आणि मी सोडायचो. अंगावर पीतांबर आणि वर कंपनीचं फ्लीसचं जाकीट. मित्र यतीन केळी सोलत होता, कांचनकाकू शिऱ्याकडे बघत होत्या आणि त्यांचे मिस्टर, रिटायर्ड डॉक्टर उल्हासकाका, कॅसेट नीट ऐकू यावी म्हणून टेपरेकॉर्डरला चिकटून बसले होते. बाकी हॉलभर माणसं. आणि दाराबाहेर माझ्यासकट सगळ्यांचे बूट.

कॅसेट शेवटच्या अध्यायात असताना यतीनने खिडकीतून खाली बघितलं.

"राजेश, ती लिंडा कारमधून उतरतेय."

माझ्या हातातली पळी गळाली.

"अरे, मग येऊ दे की! सांगू, पूजा आहे," सुवर्णा म्हणाली.

इतका सरळ उपाय मला कधीच पटत नाही. "बाहेरचे बूट बघून तिला वाटेल इथे पूर्ण कॉलनी राहते! सगळे बेडरूममध्ये चला! यतीन, बूट आत घे!"

"कुठे ठेवू यार?"

"टबात टाक आणि पडदा ओढ!"

"पूजा मध्येच थांबवायची नसते हं," असं म्हणून कांचनकाकूंनी टेपरेकॉर्डर, निरांजन आणि घंटा सगळं उचललं आणि बेडरूमचं दार आतून लावलं.

लिंडा आत आली. मुलाच्या सॉकरच्या मॅचला जाता जाता म्हणे वाटेत थांबली होती. तिने माझ्या पीतांबराकडे पाहिलं, केळीच्या पानांकडे पाहिलं.

"इथे कोण कोण राहतं?"

"आम्ही फक्त दोघं," मी म्हणालो. बेडरूममधून कुणीतरी शिंकलं. मी ताबडतोब नाक पुसलं.

लिंडाचं काम चोख, माणसांबरोबर घरही तपासायचं. तिने शेगडी पेटवून पाहिली, हीटर पाहिला, मग गरम पाणी येतं का ते बघायला बाथरूममध्ये गेली. मी मागून धावलो, पण तोवर शॉवर सुरू झाला होता. पाणी पडल्याचा आवाज भलताच येतोय म्हणून तिने पडदा सरकवला.

टबभर बूट चिंब भिजत होते.

"हे सगळे दोघांचे?"

"बायकोला हौस आहे."

लिंडाने त्यातला एक बूट उचलला. तो उल्हासकाकांचा होता. सुवर्णाची दोन्ही पावलं त्यात एकदम मावली असती. तिने एकदा बुटाकडे आणि एकदा सुवर्णाच्या पायांकडे बघितलं.

तेवढ्यात आत कॅसेट आरतीवर आली. आता, आपल्या माणसाला एक वेळ श्वास रोखून धरता येईल, पण आरती सुरू झाल्यावर गप्प बसणं त्याला जमत नाही. उल्हासकाकांनी व्हॉल्यूम वाढवला, कुणीतरी घंटा बडवली आणि टाळ्यांसकट सगळी बेडरूम खड्या आवाजात गाऊ लागली.

"रेडिओ," मी म्हणालो.

सुवर्णाने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाजूला झालो. तिने सरळ बेडरूमचं दार उघडलं. आत पलंगावर, खाली, अगदी कपाटातसुद्धा माणसं उभी राहून डोळे मिटून आरती म्हणत होती.

"ते पाहुणे आहेत," सुवर्णा लिंडाला म्हणाली. एरवी इंग्रजीत दोन वाक्यं बोलायची तरी अडखळणारी माझी बायको घडाघडा बोलत होती. "घर जाऊ नये म्हणून आज पूजा केली. मला गाडी येत नाही. इथून मी लायब्ररीत चालत जाते. केंटला गेले तर माझं सगळं बंद होईल. माझा नवरा खोटारडा नाहीये, नुसता घाबरट आहे."

(इतकं स्तुतिपर ती माझ्याबद्दल क्वचित बोलते.)

लिंडा आरती संपेपर्यंत थांबली, शिरा खाल्ला, मागून घेऊन पुन्हा खाल्ला आणि "सोमवारी भेटा" एवढंच म्हणून गेली. पाहुणे माझे घरातले मोजे चढवून आणि ओले बूट पिशव्यांत भरून घरी गेले. पिशव्या यतीनने घाईघाईत भरल्या होत्या.

रविवारी मी घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या. सोमवारी तर सकाळपासून चैनच नव्हतं. सुवर्णाने दारापर्यंत येऊन माझा मफलर नीट केला. बसमध्ये डावा पाय आकसल्यासारखा वाटला. टेन्शन आलं की माझं असं काहीतरी होतंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

लिंडाने हसून खुर्ची दाखवली. "अलाउन्स चालू राहील. आणि बायकोला सांगा, माझ्या धाकट्याला घेऊन मी लायब्ररीत येणार आहे."

मला तिथेच आरती म्हणावीशी वाटली. थँक यू, थँक यू करत मी दारापर्यंत पोचलो.

"राजेश, एक शेवटचं. तिथे तुम्ही दोघंच राहता, नक्की?"

"फक्त दोघं!" या वेळी मी छाती काढून म्हणालो.

लिंडा माझ्या पायांकडे बघत होती. "मग तुमच्या डाव्या पायात कोण राहतं?"

मी खाली पाहिलं. उजव्या पायात माझा काळा बूट होता. डाव्या पायात उल्हासकाकांचा तपकिरी, होडीएवढा.

"ते... पाहुणे आहेत," मी म्हणालो.