सासऱ्यांच्या गाडीचं कार्पेट

गाडीत कार्पेट बसवायला अक्कल लागत नाही, फक्त कात्री लागते, असं माझं ठाम मत होतं. होतं, म्हणतोय मी!

माझ्या सासऱ्यांची एक जुनी गाडी आहे. जुनी म्हणजे खटारा नव्हे हं! रस्त्यावर निघाली की लोक वळून वळून बघतात. गुडघे कुरकुरायला लागल्यावर सासऱ्यांनी ती आमच्या गॅरेजमध्ये आणून लावली आणि म्हणाले, "जावईबापू, सध्या चाचणी म्हणून ठेवतोय. नीट सांभाळलीत तर तुमची. नाहीतर थोरल्यांची!"

थोरले म्हणजे माझे साडू. नुसता इंजिनाचा आवाज ऐकून गाडीला रात्री झोप लागली की नाही, ते सांगणारा माणूस! त्यांच्या हाती ही गाडी गेली असती, तर मला जन्मभर मागच्या सीटवर बसून त्यांचं व्याख्यान ऐकावं लागलं असतं. ते मला मंजूर नव्हतं.

गाडीत सगळं चोख होतं, एक कार्पेट सोडून. ते इतकं कुजलेलं की दार उघडताच ओल्या कुत्र्याचा वास यायचा. सासरे मात्र त्याला कुणाला हात लावू देत नसत. "मूळचं आहे ते!" म्हणायचे. मी मनाशी ठरवलं, रविवारी सासरे आणि सासूबाई जेवायला येणार आहेत, त्याआधी गाडीत नवंकोरं कार्पेट! सासरे थक्क झाले पाहिजेत.

दुकानात हिला बरोबर नेलं, ही पहिली चूक. दुकानदारानं चार तुकडे पसरले. मला चारही लालच दिसत होते.

"हा जरा जास्तच बोलका आहे," ही म्हणाली. "आणि हा रुसल्यासारखा."

तासाभरानं त्यातल्या त्यात कमी बोलणारा लाल ठरला. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "साहेब, थोडं जास्तीचं न्या. कापताना चुकतं."

"आम्ही चुकत नाही!"

"मग आमचा कारागीर पाठवू का बसवायला?"

"कशाला? जुनं काढायचं, नव्यावर ठेवायचं, रेघ मारायची आणि कापायचं! त्यात काय मोठंसं?"

दुकानदारानं हिच्याकडे बघितलं. हिनं त्याच्याकडे बघितलं.

आधी सीटा काढायच्या होत्या. गंजलेल्या बोल्टांवर तेल, हातोडी आणि शिव्या या क्रमानं प्रयोग केले, तेव्हा कुठे त्या सुटल्या. ड्रायव्हरची सीट गॅरेजच्या धुळीत नको म्हणून हॉलमध्ये आणून ठेवली. आमची आई सहज म्हणून तिच्यावर टेकली.

"अरे, काय आराम आहे रे कंबरेला! ही आता इथेच राहू दे."

"आई, ती गाडीची सीट आहे!"

"मग? गाडीला कुठे कंबर असते?"

तेव्हापासून आईचा पेपर, आईचा चहा आणि आईची डुलकी, सगळं त्या सीटवरच!

इकडे ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट काही केल्या निघेना. शेवटी पाय रोवून हिसका मारला, तर त्याच्याबरोबर खणकन एक पितळेचं तबक बाहेर आलं! डांबरानं माखलेलं, हिरवं पडलेलं, मधोमध दोन बदकं कोरलेली. आणि तबकाच्या जागी गाडीच्या तळाला भलंमोठं भोक! त्यातून गॅरेजची फरशी दिसत होती.

वेल्डिंगवाल्याला फोन केला. "पुढच्या आठवड्यात बघू," म्हणाला. तबकच परत लावावं, तर हिसक्यानं त्याची कड वाकलेली. मी ते वैतागून भंगारात टाकलं. सुदैवानं अगदी मापाचा, छान जाड पत्रा घरातच सापडला. कुठे सापडला, ते तूर्त विचारू नका. डांबर लावून तो भोकावर घट्ट चिकटवला.

नेमकी त्याच दिवशी ताई, म्हणजे हिची बहीण, साडूंची बायको, "सहज" येऊन टपकली. स्वयंपाकघरात हिच्याशी गप्पा मारल्या, गॅरेजमध्ये डोकावली आणि गालातल्या गालात हसत गेली. रात्रीच्या आत साडूंना सगळा अहवाल पोचणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी चिडून कात्री उचलली.

जुनं कार्पेट नव्याच्या पाठीवर ठेवलं, खडूनं रेघ मारली आणि सपासप कापलं. गाडीत अंथरायला गेलो, तर पेडलसाठी ठेवलेली खाच शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी! जुनं मी सुलटं ठेवलं होतं आणि नवं उपडं. त्यामुळे डावं ते उजवं झालेलं! दुकानात धावलो. तो लाल संपला होता. मी डोकं धरून बसलो आणि रागारागानं कार्पेट उलटून फेकलं, तर काय सांगू, चपखल बसलं! फक्त तासभर निवडलेला लाल खाली गेला आणि वर पोत्यासारखी पाठ आली.

रविवारी सासूबाई हॉलमध्ये गेल्या आणि सासरे थेट गॅरेजमध्ये. दार उघडताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मूळचं कार्पेट काढलंत?"

"हो, बाबा! नवं घातलं!"

"हे उपडं आहे."

"हल्ली असंच घालतात. मऊ बाजू झिजत नाही."

"मग सदराही उलटा घालत जा! आणि ड्रायव्हरची सीट कुठंय?"

"आई बसलीय त्यावर."

सासऱ्यांनी डोळे मिटले. "किल्ली द्या इकडे. थोरल्यांना फोन करतो."

झालं! गेली गाडी! मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली, एवढ्यात हॉलमधून सासूबाईंची किंकाळी आली. आम्ही धावलो. आई सीटवर ऐसपैस बसून मटार सोलत होती. मांडीवर चकचकीत घासलेलं, कड ठोकून सरळ केलेलं बदकांचं तबक!

"विहीणबाई, हे माझं तबक!" सासूबाईंनी तबकावर बोट रोखलं. "माझ्या आईनं दिलेलं! वन्संनी नेलं म्हणून त्यांच्याशी आजवर बोलले नाही मी! इथे कसं आलं?"

"हा भंगारात टाकत होता," आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "म्हटलं, चांगली वस्तू आहे."

मी सासऱ्यांकडे बघितलं. गाडीची चाचणी घेणारे सासरे आता माझ्याकडे बघून डोळ्यांनीच हात जोडत होते.

"जुन्या बाजारात मिळालं," मी म्हणालो. "हिरवं पडलं होतं, म्हणून टाकत होतो."

"बघा!" सासूबाई कडाडल्या. "म्हणजे वन्संनी नेलं ते नेलं, वर विकूनही टाकलं!"

सासऱ्यांनी मला दंडाला धरून गॅरेजमध्ये नेलं आणि किल्ली माझ्या मुठीत कोंबली.

"गाडी तुमची. उपडं कार्पेट फारच छान दिसतंय!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण भोकावर काय लावलंत?"

मी उत्तर देणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

"अहो, माझा केकचा नवा ट्रे कुठे गेला? परवा ताई येऊन गेली, तेव्हापासून दिसत नाहीये!"

सासऱ्यांनी एकदा कार्पेटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि प्रेमानं पाठ थोपटली.

"गप्प बसा," ते म्हणाले. "सुरुवातीला जड जातं. मग सवय होते."