कॅमोमाइलने केलेला घात

बायकोला शांत करायचं कारकूनसाहेबांनी ठरवलं, ही काही त्यांची पहिली चूक नव्हे. पण इतकी मोठी याआधी त्यांना जमली नव्हती.

साहेब परवाना खात्यात होते. दिवसाला चाळीस अर्ज नामंजूर करणारा हा वाघ घरी आला की कुणालाच 'नाही' म्हणू शकत नसे. ते काम बायकोचं. विमा एजंट असो, शेजारी असो, पाहुणे असोत, तीच सगळ्यांना वाटेला लावी, आणि साहेब मागे उभे राहून 'काय करणार, ही जरा तापट आहे' असं ओशाळं हसत. (चांगुलपणा असाही मिळवता येतो.)

एकदा बायकोचा तोच आवाज त्यांनी पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून त्यांच्यावरच चढला आणि साहेब दुखावले. त्यांनी ऑफिसातल्या टायपिस्टबाईंचा सल्ला घेतला. बाईंनी मन शांत करणारे वनस्पतींचे चहा सुचवले. लॅव्हेंडरचा घोट घेतल्यावर अत्तर शिंपडलेलं कपड्यांचं कपाट चाटल्यासारखं वाटलं. व्हॅलेरियनच्या मुळ्या उकळल्या त्या दिवशी बायको घरभर कुजके मोजे शोधत फिरली. शेवटी कॅमोमाइल तेवढं टिकलं. साहेबांनी लेबल फाडून ती फुलं बरणीत भरली आणि 'पचनाला चांगलं' असं ठोकून दिलं.

पंधरा दिवसांत बायको निवळली. साहेब ऑफिसात अंगठे खांद्यावरून घेतलेल्या सस्पेंडरच्या पट्ट्यांत अडकवावेत अशा थाटात हिंडू लागले. (सस्पेंडर नव्हते. थाट होता.)

मग दादाचा फोन आला. दादा म्हणजे साहेबांचा थोरला भाऊ, निवृत्तीनंतर ट्रंपेट शिकत असलेला. त्याच्या घराचं रंगकाम निघालं होतं. महिनाभर येतो म्हणाला, मागची खोली बरी पडेल. त्या खोलीत साहेबांचा जीव होता. तिथली आरामखुर्ची आणि रविवारची झोप, एवढंच काय ते त्यांचं स्वतःचं होतं. साहेबांनी सवयीने फोन बायकोकडे दिला आणि गडगडाटाची वाट बघत उभे राहिले.

"या की," बायको म्हणाली. "खोली रिकामीच असते."

साहेबांनी बरणी कचऱ्यात ओतली, दोन दिवस तिला कडक कॉफी पाजली, एकाच सकाळी तीन ओले टॉवेल पलंगावर टाकले. ती गुणगुणत ते वाळत घालून आली. शेवटी दादा यायच्या दिवशी साहेबांनी सगळं कबूल केलं आणि आजच्यापुरतं तरी रागाव म्हणून हात जोडले.

"ठाऊक आहे मला. फाडलेलं लेबल तुमच्याच खिशात सापडलं, शर्ट धुताना," ती म्हणाली. "चहा ठीक होता. पण शांत झाले ती त्याने नाही. अकरा वर्षं तुमच्या वाटचं 'नाही' मी म्हटलं आणि वाईटपणा घेतला. तुम्हाला तो राग नकोसा झाला ना? मग सोडला. आता तुमचं तुम्ही म्हणा."

तेवढ्यात बेल वाजली. साहेबांनी छाती पुढे काढून दार उघडलं. दारात दादा, हातात ट्रंपेटची पेटी.

"अडचण तर नाही ना रे? पहाटे पाचला सराव असतो माझा. चालेल?"

साहेबांनी घसा खाकरला. बायको मागे शांतपणे उभी होती.

"चालेल की," साहेब म्हणाले. "मीच उठवीन तुला."