चुकीच्या शनिवारचा अभ्यास

होणाऱ्या व्याह्यांकडे कोऱ्या डोक्याने जायचं, ही कल्पनाच पुरुषोत्तम दामल्यांना सहन होणारी नव्हती. पुण्यात जन्मभर गणिताचे क्लास घेतलेला माणूस. जुने पेपर सोडवल्याशिवाय कुठल्याही परीक्षेला बसू नये, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या डोक्यात भरलं होतं. आता अमेरिकेत, बॉथेलला लेकीच्या अपार्टमेंटमध्ये ते स्वतःच अभ्यासाला बसले होते.

"बाबा, परीक्षा नाहीये हो," चैत्राली बूट घालता घालता म्हणाली. "ल्यूकचे डॅड मूळचे मेलबर्नचे. तिकडच्या फुटबॉलची २०१० ची फायनल ते दरवर्षी लावून बघतात. हिस्टॉरिक मॅच आहे म्हणे. ह्या वेळी आपल्याला इन्व्हाइट केलंय. शांत बसून बघा, एवढंच."

"आणि लग्नाचं कधी बोलायचं?" तिच्या आईने, शोभाताईंनी, विचारलं.

खरा पेच तोच होता. ल्यूकच्या वडिलांना, म्हणजे ग्रॅहमना, लग्न घरामागच्या हिरवळीवर मोजक्या माणसांत उरकायचं होतं. दामल्यांना एकुलत्या एक लेकीचं लग्न पुण्यात हवं होतं, कार्यालय घेऊन, पंगती उठवून.

"मॅच झाली की बोला. तेव्हा ते जरा हळवे असतात," म्हणत चैत्राली लॅबला पळाली.

पुरुषोत्तमरावांनी लगेच इंटरनेटवर २०१० ची फायनल शोधली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान आणि त्यावर एकमेकांच्या खांद्यावर चढणारे छत्तीस धटिंगण. गोल थोडक्यात हुकला तरी एक गुण मिळतो, एवढा एकच नियम त्यांना कळला आणि मनापासून पटलाही. उत्तर चुकलं तरी स्टेपचे मार्क द्यावेत, असं त्यांचं पहिल्यापासून मत होतं. शेवटी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कॉलिंगवूड संघ छप्पन गुणांनी जिंकला.

"म्हणजे व्याही कॉलिंगवूडवाले," त्यांनी जाहीर केलं.

"कशावरून?"

"अगं, आपण हरलेली मॅच दरवर्षी कोण लावून बघेल? साधा तर्क आहे."

"तरी चैत्रालीला विचारा ना एकदा."

"उत्तर आलेलं असताना विचारायचं कशाला?" म्हणत त्यांनी व्याह्यांसाठी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर मागवलासुद्धा.

शनिवारी दुपारी ग्रॅहमनी दार उघडलं. ल्यूकची आई ह्या दिवशी दरवर्षीप्रमाणे बहिणीकडे निघून गेली होती आणि चैत्राली गाडी पार्क करत होती, त्यामुळे दामल्यांना आवरणारं कोणीच नव्हतं. ग्रॅहमच्या गळ्यात लाल, पांढरा आणि काळा मफलर होता.

"धुताना लाल रंग लागलाय बिचाऱ्याच्या मफलरला. बरं झालं, नवीन आणला," पुरुषोत्तमराव बायकोच्या कानात पुटपुटले आणि पुडकं दोन्ही हातांनी पुढे केलं.

ग्रॅहमनी ते उघडलं. आत पाल निघावी तसे ते क्षणभर बघत राहिले. "फार विचारपूर्वक आणलंत," ते इंग्रजीत म्हणाले आणि त्यांनी मफलर कुत्र्याच्या टोपलीत नीट अंथरला. कुत्र्याने तो हुंगला आणि जाऊन सोफ्याखाली बसलं.

"यांच्यात आधी कुत्र्याला देत असतील," पुरुषोत्तमरावांनी बायकोला समजावलं.

ल्यूक आणि चैत्रालीही येऊन बसले आणि मॅच सुरू झाली. कॉलिंगवूड पुढे गेलं, मध्यंतराला चांगलंच पुढे होतं. अभ्यासातलंच सगळं येत होतं. तरी ग्रॅहम नखं कुरतडत होते, ते बघून पुरुषोत्तमरावांना कणव आली.

"काळजी करू नका," ते व्याह्यांच्या गुडघ्यावर थोपटत म्हणाले, "छप्पन गुणांनी जिंकणार."

ग्रॅहमची नखं तोंडातच राहिली. ल्यूकने चैत्रालीकडे बघितलं. "बाबा, प्लीज," चैत्राली दातओठ खाऊन म्हणाली, "काहीही बोलू नका!"

पण मध्यंतरानंतर पेपरच फिरला. लाल-पांढरे-काळे गोलामागून गोल करायला लागले आणि त्यांच्या प्रत्येक गोलाला ग्रॅहम सोफ्यावरून उडत होते. पुरुषोत्तमराव गोंधळले. माणूस स्वतःच्या संघाविरुद्ध का ओरडतोय? आणि आपण पाहिलेले गोल गेले कुठे? त्यांनी चष्मा पुसून पाहिला. गुण तेच राहिले.

शेवटी शेवटी एका लाल-पांढऱ्या-काळ्याने दुरून चेंडू मारला. टप्पा सरळ पडता तर पुढच्या खेळाडूच्या हातात आणि विजय खिशात. तो पडला तिरका, चेंडू बाजूने घरंगळला आणि मिळाला एकच गुण. अडुसष्ट-अडुसष्ट. भोंगा वाजला. मैदानावर सगळे हातपाय गळाल्यासारखे उभे होते. ग्रॅहमनी टीव्ही बंद केला.

"पण जिंकलं कोण?" पुरुषोत्तमरावांना राहवेना.

"कोणीच नाही."

"असं कसं? छप्पन गुणांनी..."

"काका," ल्यूक त्यांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "ड्रॉ झाली म्हणून पुढच्या शनिवारी फायनल परत खेळवली. तुम्ही ती पाहिलीत. डॅड सेंट किल्डाचे, त्या लाल-पांढऱ्या-काळ्यांचे. जवळजवळ साठ वर्षं झाली, त्यांच्या टीमला कप नाही. त्या दुसऱ्या मॅचचा ह्या घरात कोणी विषय काढत नाही."

पुरुषोत्तमरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण लेकीच्या सासऱ्याला शत्रूचा मफलर घालायला निघालो होतो. पुण्याचं लग्न गेलं, पंगती गेल्या, ह्या जन्मात हा माणूस आपल्याशी बोलायचा नाही. ग्रॅहम अंधाऱ्या पडद्याकडे बघत स्वतःशीच म्हणत होते, "टप्पा सरळ पडला असता तर..."

हे 'तर' पुरुषोत्तमरावांच्या फार ओळखीचं होतं.

"आमचीही एक आहे," ते एकदम म्हणाले. "हरलेली. पानिपतची."

"केव्हा?"

"सतराशे एकसष्ट. चौदा जानेवारी."

ग्रॅहमनी मान वळवली. "अजून बोलता त्यावर?"

"विषय निघाला की जेवणं गार होतात. दुपारपर्यंत आम्हीच जिंकत होतो हो! विश्वासरावांना गोळी लागली नसती तर... भाऊसाहेब हत्तीवरून उतरले नसते तर..."

ग्रॅहम सरकून जवळ बसले. "तुमच्या गावापासून किती लांब?"

"हजारेक मैल. चालत गेलो होतो आम्ही."

मग बशीतले काजू मराठे झाले, बदाम अब्दाली झाले, आणि शेंगदाण्यांच्या तोफांची रांग लागली. ग्रॅहम मधूनच विचारत होते, "राखीव खेळाडू कुठे होते?" पुरुषोत्तमराव हताशपणे म्हणत होते, "तेच तर!" काजू जिंकत असतानाच ग्रॅहमनी त्यांचा हात धरला.

"इथेच थांबा. दुपारनंतरचं मला नका सांगू."

पुरुषोत्तमरावांनी बदाम उचलून बशीत टाकले. मग ग्रॅहम घसा खाकरून म्हणाले, "लग्न पुण्यातच करू. हिरवळीवर हे असं बोलायला कोणी भेटणार नाही मला."

शोभाताईंचा जीव भांड्यात पडला. तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्यावी म्हणून त्यांनी लगेच फोनवर कार्यालयाच्या तारखा बघितल्या. "कार्यालय मिळतंय! जानेवारीच्या मध्याला एकच तारीख रिकामी आहे, चौदा."

पुरुषोत्तमराव "चालेल, चालेल" म्हणणार, इतक्यात ग्रॅहम ताडकन उठून उभे राहिले.

"चौदा जानेवारीला?" ते व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून कळवळून म्हणाले. "काहीतरीच काय! आपल्या घरात त्या दिवशी लग्न?"