कन्व्हर्टर पसंत आहे

निवड करण्याचा अधिकार शिक्षणाने मिळत नाही. तो रक्तातून येतो, आणि लग्न होऊन आलेल्यांच्या बाबतीत सासूकडून. वत्सलाबाईंच्या पणजेसासू अक्काबाई बैलाच्या शिंगावर टिचकी मारून त्याचे वय सांगत. आजेसासू भागीबाई कांद्याचे बी दाताखाली चावून पुढच्या हंगामाचा अंदाज देत. सासू बायडाबाई मुलीला नुसते पाणी आणायला सांगून तिचा स्वभाव ओळखत (वत्सलाबाईंना त्यांनीच निवडले, याखेरीज त्यांच्या हातून चूक झाल्याची नोंद नाही). अशा घराण्यातल्या वत्सलाबाईंवर वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी स्पोर्ट्स गाडीसाठी हाय-फ्लो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निवडण्याची वेळ आली, तेव्हा त्या जराही डगमगल्या नाहीत. विषयाची काहीच माहिती नसल्यामुळे डगमगण्याचे कारणही नव्हते.

गाडी त्यांच्या यजमानांची, कै. जयरामरावांची. लाल, परदेशी, दोनच माणसांची, वय वर्षे पस्तीस. दर रविवारी नात वेदिका ती नाशिकहून चांदवडपर्यंत चालवत असे, आणि वत्सलाबाई शेजारी बसून वेदिकेला चालवत असत. आठवड्यातले उरलेले सहा दिवस त्या या रविवारावर काढत. पण अलीकडे गाडी चढावर धापा टाकू लागली आणि मागून असा धूर सोडू लागली की सोसायटीतल्या लोकांनी वाळत घातलेल्या पापडांसकट तक्रार आणली.

मेकॅनिक पुंजाने दोष शोधला. इंजिनाचा धूर बाहेर पडण्यापूर्वी एका डब्यातून जातो. डब्यात मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यात धूर निवळतो. तो डबा म्हणजे कन्व्हर्टर. जुना जळून गच्च झाला होता. नवा घ्यायचा तर मोकळ्या जाळीचा, म्हणजे हाय-फ्लो घ्यावा, इंजिनाला श्वास मिळेल, असे त्याचे मत पडले.

चिरंजीव महेश यांच्या मते गाडी विकणे हाच उपाय होता. मुंबईचा एक शौकीन आहे त्या स्थितीत उचलायला तयार होता. अखेर लेखी तह झाला: शुक्रवारी गाडी प्रदूषण तपासणीत उतरली तर ती घरात राहील. आईच्या निवडीमुळे किंवा आईच्या हातून काही होऊन नापास झाली, तर शनिवारी मुंबईला जाईल. दोष मेकॅनिकचा निघाल्यास मात्र आणखी एक संधी मिळेल.

निवडीसाठी समिती नेमण्यात आली. अध्यक्षा वत्सलाबाई, चिटणीस वेदिका, तांत्रिक सल्लागार पुंजा (मताधिकार नाही). समितीच्या सात बैठका झाल्या, त्यांत एकोणतीस कप चहा झाला, आणि एकदा पुंजा रुसला. कार्यपद्धती नवी शोधण्याची गरज नव्हती. घरात आजवर सतरा लग्ने ज्या पद्धतीने जुळली तीच वापरली. तीन स्थळे आली. प्रत्येकाला दिवाणखान्यात पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसवण्यात आले.

पहिले स्थळ कोइमतूरचे. मातीच्या जाळीचे, प्रत्येक चौरस इंचात चारशे भोके. अध्यक्षांनी ते उजेडाकडे धरून शेरा दिला: "मैद्याची चाळणी. मन मोकळं नाही." दुसरे ऑनलाइन आलेले, दिसायला सर्वांत चकचकीत. पुंजाने आत बोट घातले, तेव्हा जाळीच नाही असे आढळले (बाहेरून झकास आणि आत काहीच नाही, अशी दोन स्थळे पूर्वी या घराने जावई म्हणून स्वीकारलेली असल्याने अध्यक्षांनी त्यावर बोलणे टाळले). तिसरे पुण्याचे, पोलादी जाळीचे, दोनशे भोकांचे. वत्सलाबाईंनी त्याच्या एका तोंडाशी ओठ लावून जोरात फुंकर मारली. पलीकडे वेदिकेची बट उडाली.

"रव्याची चाळणी. पसंत आहे," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मी पैल्या दिवशी हेच सांगत व्हतो," पुंजा म्हणाला.

"तू सांगितलंस, मी निवडलं. फरक आहे."

"बरं. फक्त फिटिंग व्हईस्तोवर त्याच्या भोकात काय जाऊ देऊ नका. लय नाजूक काम हाय."

ही सूचना वत्सलाबाईंनी पूर्ण ऐकली. पण नवी वस्तू पूजेवाचून वापरायची नाही, हा त्यांच्या घरचा नियम पुंजाच्या जन्माआधीचा. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी कन्व्हर्टरला हळदीकुंकू वाहिले, ओवाळले आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता पाच वेळा मूठ भरून टाकल्या. तांदूळ इगतपुरीचा, बारीक दाण्याचा होता. चारशे भोकांच्या जाळीत तो शिरला नसता. दोनशेच्या जाळीत मात्र एकेक दाणा आपल्यासाठीच खोली राखून ठेवल्यासारखा उभा राहिला. उलटे करून आपटले तरी ओले दाणे निघेनात. वाहिलेल्या अक्षता उपसून काढणे बरे दिसत नाही, असा विचार करून वत्सलाबाईंनी त्या स्वेटरच्या सुईने, अत्यंत भक्तिभावाने, दिसणार नाहीत इतक्या आत ढकलल्या.

शुक्रवारी सकाळी पुंजाने डबा बसवला. नाशिकातल्याच द्वारका चौकाजवळच्या तपासणी केंद्रापर्यंत गाडी खोकत गेली. केंद्रावरच्या राकेशने मागच्या नळीत यंत्राची नळी घातली, आणि सगळीकडे करपलेल्या भाताचा घमघमाट सुटला.

"काकू, गाडीत कुकर लावलाय का?" राकेशने विचारले.

यंत्राने नापास सांगितले. महेशने आईकडे पाहिले, मग पुंजाकडे. पुंजा वाकला, त्याने नळीशी वास घेतला, बोटाला लागलेला काळा दाणा पाहिला आणि विजारीला पुसला.

"माझ्याच हातून ऱ्हायलं, साहेब," तो म्हणाला. "आतमधी कायतरी सांडलं आसंल. पुढच्या शुक्रवारी बघू."

तहाप्रमाणे गाडी वाचली होती. वत्सलाबाईंनी फक्त गप्प राहायचे होते, आणि दोष पुंजाच्या अंगावर जाऊ देण्याचा त्यांना अनुभवही होता. दोन हजार नऊ साली जयरामराव लग्नाला नांदगावला गेले असताना त्यांनी चोरून गाडी शिकण्याचा प्रयत्न केला होता आणि क्लच जाळला होता. यजमान परतल्यावर त्यांनी पुंजाचे नाव सांगितले. पुंजा तेव्हाही याच स्वरात "माझंच चुकलं" म्हणाला. जयरामरावांनी हयातभर पुन्हा गाडीला त्याचा हात लागू दिला नाही, आणि त्यांचे पाहून सोसायटीतल्या अकरा गाड्याही दुसरीकडे गेल्या.

"महेश," वत्सलाबाई म्हणाल्या, "अक्षता मी टाकल्या. सुईने आत मीच ढकलल्या. आणि नऊ सालचा क्लच मी जाळला."

"वहिनी, आता कशाला?" पुंजा कळवळला. "गाडी जाईल ना!"

"जाऊ दे. आणि तू मधे बोलू नकोस, ही कबुली माझी आहे."

शनिवारी मुंबईचा शौकीन आला. तोवर तांदूळ जळून उडून गेला होता. त्याने जाण्यापूर्वी तपासणी करून घेतली, तेव्हा राकेशच्या म्हणण्याप्रमाणे इतका स्वच्छ धूर केंद्रात आजवर आला नव्हता. निवड अचूक होती, हे वत्सलाबाईंनी रिकाम्या पार्किंगमध्ये उभ्या राहून सर्वांना ऐकवले.

मग त्यांनी सोसायटीच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिले: "सन २००९ मध्ये जळालेला क्लच श्री. पुंजा यांनी नव्हे, तर मी जाळला. त्यांच्या कामात दोष नव्हता. सबब सर्वांनी नोंद घ्यावी."

बेचाळीस बिऱ्हाडांनी नोंद घेतली आणि ती पोट धरून हसली. या सर्व घरांतून मिक्सर, पंखे, गीझर आणि नळ कायम दुरुस्ती करणाऱ्यांच्याच चुकीने बिघडतात, असे आढळून आले आहे. आपल्याही घरी बहुधा तसेच असेल. फळ्यावर मजकुराखाली बरीच जागा मोकळी आहे, आणि खडू वत्सलाबाईंनी मुद्दाम तिथेच ठेवला आहे.