निळ्या गळ्याचा पाहुणा आणि डाव्या पायाची चप्पल

"अहो डॉक्टर, पक्षी म्हणजे तरी काय? विद्यार्थीच की! शिस्त लावली की लागते. तुम्ही रविवारी फक्त या. तुमच्या त्या निळ्या गळ्याच्याला माझ्या परसात हजेरी लावायला लावतो की नाही, बघाच!"

ड्रिलमास्तरांनी फोन ठेवला आणि छाती फुगवून मागे पाहिलं. मागे मास्तरीणबाई उभ्या होत्या.

"कोणाला बोलावलंत?"

"व्याह्यांना. आणि त्यांच्या अख्ख्या मंडळाला!"

व्याही म्हणजे लेकीचे सासरे. पेशानं डोळ्यांचे डॉक्टर, आणि हौसेनं गावातल्या पक्षिनिरीक्षण मंडळाचे अध्यक्ष. थंडी पडली रे पडली की हा गृहस्थ गळ्यात दुर्बीण अडकवून भल्या पहाटे शेतं तुडवायला निघायचा, आणि मागोमाग मंडळातले पाचसहा जण, कानटोप्या घालून, तोंडातून वाफा सोडत. यंदा मात्र सगळे हात चोळत परत येत होते. निळ्या गळ्याचा तो चिमणीएवढा पक्षी दर हिवाळ्यात लांबून कुठून कुठून यायचा, पण भारी लाजाळू. झुडपाखाली दिसला न दिसला तोच गायब! यंदा तर कोणालाच दिसला नव्हता.

आणि मास्तरांच्या परसात तो रोज यायचा! थाप नाही हो, खरंच यायचा. ऊन कुंपणावर आलं की स्वारी कोपऱ्यातल्या रानटी झुडपातून बाहेर पडायची. शेपटी ताठ वर करायची, तुरुतुरु धावायची, मध्येच थांबायची, एखादा किडा मटकावायची आणि परत धावायची. मास्तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, "शाब्बास! पाठ ताठ आहे पोराची!"

आता तुम्ही म्हणाल, दिसतो तर दिसतो, त्यात एवढं गरजायचं काय? तर त्याला कारण होतं, आणि ते कारण मास्तरांना वर्षभर खात होतं.

गेल्या हिवाळ्यात मास्तर हौसेनं मंडळाबरोबर शेतात गेले होते. नांगरलेल्या रानात, धुक्यात, सगळे श्वास रोखून उभे. तेवढ्यात मास्तरांना सरीत काहीतरी दिसलं. तपकिरी, चोच वर केलेलं, निश्चल! मास्तरांनी थेट मैदानावरच्या आवाजात आरोळी ठोकली, "तो बघा! शिकारी पक्षी! दबा धरून बसलाय!" पाच दुर्बिणी वळल्या. मंडळाच्या फोटोग्राफरनं पोटावर सरपटत अर्धं शेत पार केलं, चिखलानं माखला, आणि जवळ जाऊन हात वर केला. हातात चप्पल होती. उजव्या पायाची, अंगठा तुटलेली.

त्या दिवसापासून मास्तरांचं नाव पडलं 'चप्पलवाले मास्तर'. ज्या माणसानं हजार पोरांना एका शिट्टीत सरळ उभं केलं, त्याला बाजारात लोक विचारू लागले, "काय मास्तर, आज कुठली जात दिसली? चामडी की रबरी?" लेकीच्या सासरी जेवायला बसले की डॉक्टर हसत हसत म्हणायचे, "मास्तर, एकदा दवाखान्यात या, नंबर तपासून देतो." लेक बिचारी मान खाली घालून वाढत राहायची.  मास्तरांना हे नाव पुसायचं होतं, बस्स!

मग काय, शनिवारी तयारीला सुरुवात झाली. पाहुणे येणार, तेही दुर्बिणी घेऊन! परसू कसं आरशासारखं पाहिजे. मास्तरांनी आधी पालापाचोळ्याचा ढीग उचलून बाहेर फेकला. मग कोपऱ्यातलं रानटी झुडूप कातरून पोराच्या डोक्यासारखं बारीक केलं. मग जमीन चोपली, झाडली, आणि फक्की आणून मैदानावर आखतात तशा पांढऱ्या रेषा आखल्या. पाहुण्यांच्या खुर्च्यांसाठी एक रेषा. आणि नळाशेजारी एक सुबक गोल.

"हा गोल कशाला?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"पक्ष्यानं उभं राहायची जागा."

"त्याला सांगितलंत का?"

 पण मास्तरांचं लक्ष नळाकडे गेलं होतं. परसातला तो नळ थेंब थेंब गळत होता, आणि त्याच्याखाली कायमचा चिखल. पाहुण्यांसमोर चिखल? शोभतं का! मास्तरांनी पान्हा काढला, जुना वायसर फेकला, नवा बसवला, नळ करकचून आवळला.

मास्तरीणबाई बघतच राहिल्या. "वर्षभर घसा कोरडा केला मी या नळापायी, तेव्हा तुम्हाला सवड नव्हती. आज व्याही येणार म्हटल्यावर बरा हात चालला!"

"काम करायचं तर मनावर घेऊन करावं लागतं," मास्तर पान्हा पुसत म्हणाले.

रविवार उजाडला. मंडळ आलं. डॉक्टर आले, पायात नवी कोरी चामड्याची चप्पल, अंगात शाल, गळ्यात दुर्बीण. फोटोग्राफरनं तोफेसारखा कॅमेरा तिकाटण्यावर चढवला. सगळे रेषेवरच्या खुर्च्यांत बसले. मास्तर गळ्यात शिट्टी घालून बाजूला उभे.

"आता शांत राहायचं! ऊन कुंपणावर आलं की आलाच म्हणून समजा!"

ऊन कुंपणावर आलं. कुंपणावरून भिंतीवर आलं. भिंतीवरून खुर्च्यांवर आलं. पक्षी काही आला नाही. एक कावळा आला, त्यानं फक्कीच्या गोलाकडे संशयानं पाहिलं आणि निघून गेला. फोटोग्राफरला जांभई आली.

"मास्तर," डॉक्टर हळूच म्हणाले, "येतो ना नक्की?"

"येतो म्हणजे? रोज येतो!"

"नाही, म्हणजे... काय येतं नेमकं? पक्षीच ना?"

मंडळात खसखस पिकली. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या. डॉक्टरांनी कप घेत परसावर नजर फिरवली.

"विहीणबाई, परसू अगदी लखलखीत ठेवलंय हं! पण हा पक्षी ओल असल्याशिवाय पाऊल टाकत नाही. ओली माती, वर दाट झुडूप, पालापाचोळ्यात किडे. इथे तर काहीच नाही!"

"होतं की सगळं!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "काल यांनी झाडून टाकलं. वर्षभर गळणारा नळसुद्धा कालच दुरुस्त केला."

मास्तरांनी चोपलेल्या जमिनीकडे पाहिलं. म्हणजे पोरगा शिस्तीसाठी येत नव्हता, चिखलासाठी येत होता! आणि आपणच त्याच्या तोंडचा घास झाडून काढला! पण हार मानतील ते मास्तर कसले?

"एवढंच ना? आत्ता करतो ओल! नळ पुन्हा गळका करतो!"

"अहो, जरा दमानं!" मास्तरीणबाई ओरडेपर्यंत पान्हा नळाला लागला होता. काल करकचून आवळलेला नळ आज ढिम्म हलेना. मास्तरांनी दात ओठ खाल्ले, भिंतीला पाय लावला आणि असा झटका दिला, की नळ सैल झाला नाही, अख्खा हातात आला!

टाकी नुकतीच भरलेली. पाण्याचा जो लोट सुटला, तो सरळ रेषेवरच्या खुर्च्यांवर! डॉक्टरांचा चहा कपातून उडाला. फोटोग्राफर कॅमेरा पोटाशी धरून पळाला. बर्फासारखं गार पाणी अंगावर घेऊन मंडळ "अयाई गं!" करत घराकडे धावलं. चोपलेल्या जमिनीचा बघता बघता रेंदा झाला. पळता पळता डॉक्टरांचा डावा पाय त्यात रुतला. पाय निघाला, चप्पल मागे राहिली.

"बोट लावून धरा!" मास्तर ओरडले. पण बोट लावायला होतं कोण? शेवटी मास्तरीणबाईंनी जाऊन मेन कॉक बंद केला.

सगळं शांत झालं. आत मंडळ अंग पुसत होतं. डॉक्टर चष्म्यावरचा चिखल काढत होते. मास्तर एकटेच परसात, डोक्यापासून पायापर्यंत निथळत, हातात तुटका नळ. फक्की वाहून गेली होती. आता आणखी एक वर्ष काय काय ऐकावं लागणार, या विचारानं त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

आणि शेजारच्या कुंपणाखालून तो आला.

तुरुतुरु चिखलात आला, एक गांडूळ ओढलं, ते मटकावलं, आणि मग डॉक्टरांच्या त्या नव्या कोऱ्या चपलेवर चढून उभा राहिला. शेपटी ताठ. छाती पुढे. ऊन गळ्यावर पडलं आणि तो निळा रंग असा उजळला, की मास्तरांना थंडीच वाजेनाशी झाली.

"डॉक्टर!" त्यांनी हाक मारली. "डॉक्टर, लवकर या! चप्पल! तिकडे बघा, चप्पल!"

आत असा हशा उसळला की खिडकीची तावदानं थरथरली.

"मास्तर, पुन्हा चप्पल?"

"अहो, चपलेवर! चपलेवर पक्षी!"

"राहू द्या मास्तर, या आत! पडसं होईल!"

एकही जण बाहेर आला नाही. हशानं दचकून पक्षी उडाला, तेव्हा दारात फक्त मास्तरीणबाई पोचल्या होत्या.

"अगंबाई, हा होय?" त्या म्हणाल्या. "हा तर मी भांडी घासते तेव्हा रोज माझ्या पायापाशी असतो! मला आधी विचारायचं नाही का?"

मास्तरांनी त्यांना हाताला धरून आत नेलं. "सांग यांना! काय पाहिलंस ते सांग!"

त्यांनी सांगितलं. डॉक्टर चष्मा लावत प्रेमानं हसले. "विहीणबाई, नवऱ्याची बाजू घ्यावीच माणसानं!"

मग डॉक्टर चिखलातली चप्पल काढायला निघाले, तर मास्तर दारात आडवे! "चपलेला हात लावायचा नाही! तो परत येणार आहे." समजावून झालं, हसून झालं, मास्तर हटेनात. अखेर डॉक्टर मास्तरांच्या मोरीतल्या रबरी चपला घालून घरी गेले.

आणि पक्षी परत आलाच! दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. नळ बसवताना मास्तरांनी मुद्दाम जुनाच वायसर शोधून घातला होता. थेंब थेंब पाणी, खाली चिखल, चिखलात चप्पल, चपलेवर पक्षी! फोटो काढायला मास्तर फोन उचलायचे, की हा भुर्र. फोनमध्ये एव्हाना चपलेचे इतके सुंदर फोटो जमले होते, की शिवण अन् शिवण मोजावी.

आठवड्यानं डॉक्टरांचा फोन आला.

"मास्तर, आता तरी चप्पल पाठवा. एक चप्पल घरात ठेवून मी काय करू?"

"मिळणार नाही," मास्तर ठणकावून म्हणाले. "त्याची बसायची जागा आहे ती. हवी तर स्वतः या, आणि येताना दुर्बीण आणा!"

 पलीकडे डॉक्टर, हसू दाबत, शेजारी बसलेल्या मंडळाला सांगताना मास्तरांना स्पष्ट ऐकू आले, "ऐकलंत का? अजून चपलेवरच आहेत!"

मास्तरांनी फोन ठेवला. खिडकीबाहेर निळ्या गळ्याचा शेपटी ताठ करून चपलेवर उभा होता. नजर थेट मास्तरांवर, जणू काही शिट्टीचीच वाट बघत होता.

एक मात्र कबूल करायला हवं. मास्तरांनी ठरवल्याप्रमाणे ते जुनं नाव पुसलं गेलं. चप्पलवाले मास्तर असं त्यांना आता कोणीही म्हणत नाही. गेल्या वर्षी उजवी, यंदा डावी. मंडळात सगळे त्यांना 'जोडवाले मास्तर' म्हणतात.