जरासा ओलावा

एका जंगलात ओरडल्याशिवाय कुणाला खायला मिळत नसे. ते जंगल इथून फार लांब आहे बरं का, समुद्रापलीकडे. तेव्हा बाळगोपाळांनो, उगाच एकमेकांकडे बघून हसू नका.

त्या जंगलाचं नाव गर्जनवन. तिथे ससासुद्धा सकाळी उठून खडकावर चढायचा आणि ओरडायचा, "माझ्यासारखा ससा झाला नाही आणि होणार नाही!" मग बाकीचे म्हणायचे, "वा! कमाल! अप्रतिम!" आणि आपापल्या कामाला लागायचे. कुणी कुणाचं खरं मानत नसे. आपण रस्त्यात 'काय, बरं आहे ना?' विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही, तसंच ते.

गर्जनवनापासून बऱ्याच अंतरावर, भर समुद्रात, धुकेबेट होतं. तिथली रीत नेमकी उलटी. मोठ्याने बोलणं हा तिथे असभ्यपणा, आणि स्वतःचं कौतुक करणं म्हणजे चारचौघांत नाक शिंकरणं. सगळं कमी करून सांगायचं. पुरात अर्धं गाव वाहून गेलं की म्हणायचं, "जरासा ओलावा आहे." जन्मात एकदाच हातून होईल असं काम कुणी केलं की म्हणायचं, "वाईट नाही." आणि ज्याला 'वाईट नाही' म्हटलं, तो घरी जाऊन आनंदाने रडायचा. दार लावून, अर्थात.

तिथे एखादा चुकून 'अप्रतिम' म्हणालाच, तर शेजारी एकमेकांकडे बघायचे. याच्या घरी काहीतरी भयंकर घडलंय आणि बिचारा लपवतोय, असं समजून संध्याकाळी सूप घेऊन जायचे.

या बेटावर उदाजी नावाचा एक पाणमांजर राहत असे. मातीचे बंधारे बांधणं आणि लिंपणं हा त्याच्या घराण्याचा धंदा. चिखलात हात घातला की उदाजीला जेवणाचीही आठवण होत नसे. पण बेटावरची नदी आटली, बंधारे कोरडे पडले आणि घरात मासा येईनासा झाला. तेव्हा त्याची म्हातारी आई म्हणाली, "गर्जनवनात काम असतं म्हणे. जमलं तर बघ."

आता तुम्हाला बेटाची भाषा कळायला लागली असेल, तर ओळखा. त्याचा अर्थ होता, 'तुझ्याशिवाय मला कुणी नाही रे.' घरातला शेवटचा सुकवलेला मासा तिने त्याच्या फडक्यात बांधून दिला. उदाजी म्हणाला, "बघतो." म्हणजे जीव टाकीन.

गर्जनवनाच्या वेशीवर एक कावळा बसला होता. त्याने उदाजीच्या हातात एक हिरवं पान ठेवलं आणि म्हणाला, "हे वाळायच्या आत काम धर. काम मिळालं तर कायमचं हिरवं राहणारं पान देऊ. नाही मिळालं तर ही होडी आणि हा तू. पुढचा!"

उदाजी पान जपत जपत थेट मोठ्या तळ्यावर गेला. तळ्याला एवढा थोरला मातीचा बंधारा होता. त्याचा मुकादम होता भालेराव अस्वल.

"नमस्कार, भालेरावसाहेब," उदाजी अदबीने म्हणाला.

"साहेब काय, राव काय! मला भालू म्हण! आणि तू? उदाजी? म्हणजे उदू! ये उदू, चढ खडकावर आणि सांग, बंधाऱ्याचं काम येतं का?"

उदाजीच्या सात पिढ्या बंधाऱ्यात गेल्या होत्या. तो लाजला. "थोडंफार," तो म्हणाला.

"थोडंफार?"

"म्हणजे... हात लावलाय कधीमधी."

भालू दोन्ही पंजे पसरून म्हणाला, "वा! कमाल! अप्रतिम प्राणी आहेस तू! आपण भेटूच!"

अप्रतिम! उदाजीच्या वडिलांना आख्ख्या हयातीत दोनदा 'वाईट नाही' मिळालं होतं! नोकरी पक्की समजून बिचारा दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी बंधाऱ्यावर हजर झाला. तिथे भालू एका बेडकाला काम समजावत होता.

"तू कोण?" भालूने विचारलं.

"उदू," उदाजी म्हणाला.

"वा! कमाल!" असं म्हणून भालूने पुन्हा बेडकाकडे तोंड वळवलं.

बेडकाचं नाव डरावराव. त्याने जन्मात बंधारा बांधला नव्हता. पण आदल्या दिवशी खडकावर चढून तो म्हणाला होता, "पाऊस कोण पाडतं? मी! मी ओरडतो आणि तो पडतो! बंधाऱ्याचं काय घेऊन बसलात?" भालूने त्याला तिथल्या तिथे बंधाऱ्याचा प्रमुख करून टाकलं.

उदाजी ज्या झाडाखाली राहत होता त्याच्या फांदीवर मंजुळाबाई साळुंकी राहायच्या. जिभेने तिखट, पण मनाने चांगल्या. पानाची कड पिवळी पडलेली त्यांनी पाहिली आणि त्यांना राहवेना.

"अहो उदाजीराव, असं कसं चालेल? इथे न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत! म्हणा बघू, 'माझ्यासारखा बंधारेवाला त्रिभुवनात नाही!'"

"माझ्यासारखा..." उदाजीने घसा खाकरला. "म्हणजे, असतील बरेच."

"अगं बाई! पुन्हा म्हणा!"

"माझ्यासारखा बंधारेवाला... नसेलच असं नाही."

मंजुळाबाईंनी पंखाने कपाळ बडवून घेतलं. "तुमची आई तुम्हाला जन्माला घालताना आवाज घालायला विसरली की काय?"

आईचं नाव निघालं तसं उदाजीला भरून आलं. त्या दिवशी त्याने मनापासून सराव केला. पण 'मी' म्हटलं की त्याच्या तोंडून पुढे 'कधीमधी' यायचं. त्याला काय करणार?

मग पाऊस सुरू झाला. डरावराव म्हणाला, तो त्यानेच पाडला. तळं भरत चाललं. पान निम्म्याहून अधिक वाळलं होतं आणि उदाजीला करमत नव्हतं, म्हणून तो सहज बंधाऱ्याच्या पायथ्याला फिरायला गेला. तिथे मातीतून पाणी झिरपत होतं आणि ते गढूळ होतं. गढूळ म्हणजे आतली माती वाहून चालली होती.

उदाजी धावत सुटला. धापा टाकत भालूकडे गेला. भालू सगळ्या मंडळींबरोबर मध खात बसला होता.

आता ओरडायलाच हवं होतं. उदाजीलाही ते कळत होतं. त्याने छाती भरून श्वास घेतला, सगळं बळ एकवटलं आणि म्हणाला, "माफ करा हं. बंधाऱ्यापाशी जरासा ओलावा आहे. सवड झाली तर कुणी बघितलं तर बरं."

मुलांनो, त्याच्या हिशेबाने त्याने बोंब मारली होती. धुकेबेटावर हे ऐकून लोक पोरंबाळं उचलून डोंगरावर पळाले असते.

"वा! कमाल! अप्रतिम निरीक्षण!" भालू म्हणाला आणि त्याने मधाचं पोळं पुढे ओढलं.

"ओलावा असणारच! तळंच आहे ते!" डरावराव म्हणाला, आणि सगळे पोट धरधरून हसले.

'अप्रतिम' ऐकून उदाजीचा जीव भांड्यात पडला. एवढं गंभीरपणे घेतलंय म्हणजे आता बघतीलच, असं त्याला वाटलं. तो घरी आला, अंथरूण गुंडाळलं आणि टेकडीवर जाऊन बसला. "तिकडे कुठे हो?" मंजुळाबाईंनी विचारलं. "असंच. वर हवा बरी आहे," उदाजी म्हणाला.

दुपारी बंधारा फुटला.

कुणी मेलं नाही, घाबरू नका. पण सगळ्यांची बिळं भरली, साठवलेलं धान्य भिजलं, आणि भालू वाहत वाहत एका बाभळीवर जाऊन अडकला. त्याला खाली उतरवायला बराच वेळ गेला. एवढं झाल्यावर सभा भरली. जो तो दुसऱ्यावर ओरडत होता. तेवढ्यात काटे उपटता उपटता भालू थबकला.

"थांबा. तो उदू काय म्हणाला होता?"

"जरासा ओलावा आहे," ससा म्हणाला.

"आणि मग टेकडीवर जाऊन बसला," मंजुळाबाई म्हणाल्या.

"म्हणजे त्याला ठाऊक होतं!" भालू म्हणाला. "आणि किती शांत होता! त्याचा आवाजसुद्धा चढला नाही! अरे, केवढा मोठा प्राणी आहे हा!"

सगळे टेकडीवर धावले. उदाजी अंथरुणावर बसून वाळलेल्या पानाकडे बघत होता. फक्त देठाजवळ ठिपक्याएवढा हिरवा रंग उरला होता. आता हे आपल्याला बडवणार, असं त्याला वाटलं. तो उठून म्हणाला, "मला जरा वाईट वाटतंय." खरं तर तो शरमेने अर्धमेला झाला होता.

"बघा, बघा!" भालू ओरडला. "केवढा संयम!"

आणि गर्जनवनाने उदाजीला मुख्य सल्लागार केलं. कावळा स्वतः उडत येऊन कायमचं हिरवं पान देऊन गेला.

उदाजीचं बस्तान बसलं. काम सोपं होतं. गवताच्या गादीवर बसायचं आणि कुणी विचारलं तर बोलायचं.

"उदूसाहेब, हे झाड पडेल का?"

"पडूही शकेल."

"वा! किती खोल!"

नवा बंधारा बांधायला घेतला तेव्हा मात्र उदाजीला राहवलं नाही. तो गादीवरून उतरला आणि त्याने चिखलात हात घातला. तेवढ्यात भालूने त्याला उचललं. "छे छे! तुमच्यासारख्याने चिखलात हात घालायचा? त्याला डरावराव आहे ना!"

"डरावराव? पुन्हा?"

"मग! बंधारा फुटण्याचा अनुभव दुसऱ्या कुणाला आहे सांगा?"

उदाजी गादीवर जाऊन बसला. पावसाळे गेले. तो गोल झाला, गुबगुबीत झाला, आणि त्याच्या नकळत त्याच्या तोंडात तिथली भाषा बसली. मग त्याने आईला होडी पाठवली.

म्हातारी आली. उदाजीने तिला आपल्या नव्या घरात ताज्या माशांची रास दाखवली, हिरवं पान दाखवलं, गादी दाखवली. तिने सगळं पाहिलं. मग त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "कसं चाललंय?"

"अप्रतिम!" उदाजी म्हणाला. "कमाल चाललंय!"

म्हातारीच्या हातातला मासा खाली पडला. ती उठली, तिने जाऊन दार लावलं आणि परत येऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले. हात मऊ होते. नखांत चिखलाचा कणही नव्हता.

"बाळा," ती म्हणाली, "इतकं वाईट चाललंय, आणि मला कळवलं नाहीस?"

उदाजी समजावून सांगायला गेला, की आई, इथे तसा अर्थ नसतो. पण आपल्या हातांकडे त्याची नजर गेली.

"चिखलाची आठवण येते?" आईने विचारलं.

"जराशी," उदाजी म्हणाला.

मग दोघं पोटभर रडली.

तात्पर्य: स्वतःची स्तुती स्वतः कधीही करू नये. बंधारा फुटेपर्यंत धीर धरावा, म्हणजे लोक आपणहून करतात.