गेणूभाऊंची लाँच तापते तेव्हा

गेणूभाऊ इंजिनाचा ताप हाताने बघतात. लाँचच्या पोटात फळ्यांखाली इंजिन आहे. फळी उचलायची, पालथा हात टेकवायचा, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचं, "कणकण हाय." तापमानाचा काटा समोर धडधडीत लाल रेघेवर गेलेला असतो. त्यावर त्यांनी टॉवेल टाकून ठेवलाय. "त्यो उगा घाबरवतो, शिस्टर!"

मी पलीकडच्या वाड्यांची नर्स. डिंभे धरणाचं पाणी ओलांडायचं म्हणजे गेणूभाऊंशिवाय गत्यंतर नाही. खांद्याला लशींचा डबा, आत बर्फ, आणि तो वितळायच्या आत पोचायचं, एवढीच माझी अपेक्षा. या माणसानं मला एकदा तरी वेळेत पोचवलं असेल तर शपथ!

मधोमध आलो की हे ओरडणार, "पुढं बघा पावणं, पुढं! मागं वळलं की लाँच कलती." सगळे शहाण्यासारखे पुढे बघतात. लाँच हळू होते आणि उगाचच एक गोल वळसा घेते. का, तर म्हणे, "खाली खडक हाय." वळसा संपून जरा पुढे गेलो की इंजिन तापलंच म्हणून समजा.

खालच्या नळीनं धरणाचं पाणी आत ओढायचं, इंजिनाभोवती फिरवायचं आणि मागून धारेनं सोडून द्यायचं, इतकी साधी गोष्ट. धार बारीक झाली की इंजिन तापणार, हे आता मलाही कळतं. गेणूभाऊ मात्र पट्ट्याला दोष देतात, डिझेलला देतात, एकदा तर माझ्या वजनाला दिला.

परवा धार बंदच पडली. फळ्यांतून वाफ यायला लागली, इंजिन बंद करावं लागलं. पलीकडे आया मजुरी बुडवून, तान्ही पोरं मांडीवर घेऊन माझी वाट बघत बसलेल्या. आणि हे महाशय माझ्या डब्याकडे बघत म्हणतात, "आत बरफ हाय न्हवं? वाईच द्या की, हिच्या डोक्यावर ठिवतो."

"डब्याला हात लावाल तर खबरदार! ती पाणी गाळायची जाळी उघडा आधी."

"जाळी साफ हाय, शिस्टर."

"उघडा म्हणते ना!"

त्यांनी खालच्या नळीची चावी बंद केली आणि कुरकुरत जाळी काढली. आत झेंडूची फुलं गच्च बसलेली, त्यांना दोऱ्याचा गुंता. फुलं अगदी ताजी होती.

"कोण टाकतं हो हार पाण्यात? अक्कल गहाण ठेवलीय का?" मी सगळ्यांवर डाफरले. पुढच्या टोकाला बसलेल्यांनी माना हलवल्या. गेणूभाऊ टॉवेलनं हात पुसत राहिले. पुसून पुसून किती पुसणार?

"तुम्ही?"

"हळू बोला," ते म्हणाले. "वळसा घेतो ना, तिथं खाली आमचं घर हाय. पाणी चढणार म्हाईत असून आयनं उंबरा सारवला, हार घातला. म्हनली, गेणू, घर एकटं पडंल रं, येता-जाता फूल टाकीत जा. नव्या गावात ती रमलीच न्हाई. गेली. मग मी हार टाकतो, परदक्षिणा घालतो."

"आणि त्याच हारावरून लाँच नेता! म्हणजे कशानं तापतं ते माहीत होतं?"

"म्हाईत व्हतं की. पण न्हाई टाकला, तर तिला काय सांगू?"

मीच वाकून दोरा ओढून काढला. त्यांनी जाळी बसवली, चावी उघडली, इंजिन लावलं आणि धार सुरू झाली. बर्फ तेवढा शिल्लक होता, पोरं टोचून झाली.

पुढच्या खेपेला मी घरची सुटी फुलं पिशवीत भरून नेली. "दोरा नाही. आणि आधी वळसा, मग फुलं. ऐकताय ना?"

त्यांनी पिशवी घेतली. मधोमध आल्यावर नेहमीसारखे ओरडले, "पुढं बघा पावणं, पुढं!" मीही सवयीनं पुढे बघायला लागले. वळसा पुरा झाला, तशी मागून हलकेच हाक आली.

"शिस्टर, तुमी बघा मागं. लाँच न्हाई कलत."